मोरचुदाशिवायची खळ

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी देवाला हात जोडून दुकान उघडलं आणि रद्दीवाल्यासाठी बाहेर ठेवलेलं कात्रणांचं पोतं आत ओढलं, कारण ते हलत होतं. उंदीर असेल म्हणून काठी घेतली. आत कुत्र्याची तीन पिल्लं निघाली. कुणीतरी आणून टाकली असणार. पोत्याचं तोंड बांधलेलं होतं आणि ती गाठ माझी नव्हती. बाइंडरला आपली गाठ कळते.

काठी कोपऱ्यात ठेवून पोत्याजवळ बसलो. मी कुंडीतलं रोपसुद्धा कधी जगवलेलं नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर देवाला हे काय सुचलं, ते त्यालाच ठाऊक. शेजारचा शिंपी म्हणाला, पोतं पुढच्या गल्लीत नेऊन ठेव, तिथे दयाळू लोक राहतात. मग तू कुठे राहतोस, असं विचारल्यावर हसला आणि जुनं ब्लँकेट देऊन गेला.

दोन पिल्लं दूध पितात. तिसरी, तांबूस मादी, नुसती बघते. तिचा श्वास चालू आहे ना हे पाहायला मी कामातून सारखा उठतो. काल एक पुठ्ठा त्यापायी वाकडा कापला. दूध किती, गरम की कोमट, सगळं सविस्तर कळवावं. भावोजींस नमस्कार. लोभ आहेच, उत्तर लवकर असावं.

तुझा,
धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, पिल्लं जगतील, आधी याला कुणीतरी सांभाळा. शेजाऱ्यांचा पोपट सांभाळायला घेतलास आणि तो बोलत नाही म्हणून घाबरून दुसऱ्याच दिवशी परत केलास, ते आम्ही विसरलेलो नाही.

दूध कोमट, थोडं थोडं, पण सारखं. बाटलीत गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळ आणि त्यांच्यामध्ये ठेव. श्वास बघायला उठू नकोस. ती पोर तुझ्यापेक्षा निवांत आहे.

दोघांना घरं शोध. तांबडी जरा मोठी झाली की आमच्याकडे दे, हे येऊन घेऊन जातील. तू आयुष्यात कशात गुंतला नाहीस. लग्नाचं नाव काढलं की हात जोडायचास, तेही देवाला नव्हे, मला. आता या वयात कशाला नियम मोडतोस? वेळेवर जेव. आमचं लक्ष आहे असं समज.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक पिल्लू दूधवाल्यानं नेलं, दुसरं शिंप्यानं. दयाळू लोक त्याच्याच घरात निघाले. तांबडी भावोजींची म्हणून ठेवली आहे. तिला नाव दिलं नाही. दुसऱ्याच्या पुस्तकावर आपलं नाव घालू नये.

परवा तिनं खळ खाल्ली. तुला माहीत आहे, पुस्तकांना कीड लागू नये म्हणून मी कणकेच्या खळीत मोरचूद घालतो. उस्तादांनी शिकवलं तेव्हापासून कधी चुकवलं नाही. मांडी घालून काम करायची सवय, म्हणून भांडं जमिनीवर, डाव्या हाताशी. इतकी वर्षं इथे चाटणारं कुणी नव्हतंच. ती निळसर ओकली आणि आडवी झाली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि विचारलं, विष जवळ कशाला बाळगता? मी म्हटलं, पुस्तकं टिकावीत म्हणून. त्यांनी बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर जप करत बसलो, पण नाम मध्येच तुटत होतं. आज सकाळी तिनं डोकं उचललं, पाणी प्यायलं.

भावोजींना लवकर पाठव. माझ्याजवळ तिच्या जिवाची खात्री नाही. राग नसावा.

तुझा,
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

हे पिशवी भरून निघाले होते, मीच थांबवलं. तुला ती नको म्हणून देतोस, की भीती वाटते म्हणून देतोस? नको असेल तर हे येतील, एका शब्दानं विचारणार नाहीत. भीतीपोटी देत असशील तर मी घेणार नाही. भीती मलाही दोन्ही बाळंतपणांत वाटली होती, म्हणून काही मी पोरं कुणाला देऊन टाकली नाहीत.

आणि ते भांडं आधी उंचावर ठेव, शहाण्या.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भांडं स्टुलावर ठेवलं. ती स्टुलावर चढली. कपाटावर ठेवलं, तर ती खाली बसून वर बघत राहिली आणि मी तिच्याकडे. असं काम होत नाही.

काल मोरचुदाचा डबा जिथून आणला त्या दुकानात परत देऊन आलो. आता रोज सकाळी नुसत्या कणकेची खळ, त्या दिवसापुरती. वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईंना सांगितलं, यापुढे माझ्या बांधणीला कीड लागू शकेल, पुस्तकं अधूनमधून उन्हात काढा. त्यांनी निम्मं काम दुसरीकडे दिलं. त्यांचं बरोबर आहे. उस्ताद असते तर त्यांनीही मला दारात उभं केलं नसतं.

भावोजींना म्हणावं, जरूर या, पण रिकाम्या हातानं परत जायच्या तयारीनं. तिला नाव दिलं आहे. हाक मारीन तेव्हा कळेल.

आज खळ निवत ठेवून देवापुढे बसलो. उठून पाहतो तर तिनं भांडं तळापर्यंत चाटून लख्ख केलेलं. मी दुसरी शिजत ठेवली.

आम्हा दोघांवर लोभ असू द्यावा.

तुझा,
धाकटा