कोटांवरच्या शेपट्या

दि. ३ ऑगस्ट

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे मजेत. भरतकामाच्या दुकानाला पहिलंच इंग्रजी काम मिळालंय. दवाखान्याच्या कपड्यांवर मशीनने अक्षरं भरायची: नर्सेसचे कोट, डॉक्टरांचे कोट, लहान मुलांच्या चादरी. मेट्रनबाई म्हणाल्या, वरचा स्वल्पविराम चुकला तर सगळा गठ्ठा परत. ती मेली शेपटी कधी एसच्या आधी, कधी नंतर! माझं डोकं पार चक्रावलंय. वर्गात शिकवतोस ना, मग जरा बहिणीलाही शिकव.

तुझ्या भाऊजींना मी दुकानात आणलंय. कारखाना बंद झाल्यापासून नुसते खिडकीपाशी बसून असायचे, बघवायचं नाही रे. आता कात्री घेऊन सुटे धागे कापतात. त्यांचं मन इथे रमावं, बाकी मला काही नको.

उत्तर लवकर पाठव, आळशीपणा करू नकोस.
तुझी ताई

दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हसू आवरेना. लहानपणी माझे कान पिळायचीस, आता शिकवणी मागतेस! सोपं आहे. आधी अनेकवचन पूर्ण लिही. शेवटी एस आलाच असेल, जसं नर्सेस, डॉक्टर्स, तर शेपटी त्याच्यानंतर आणि काम संपलं. शेवटी एस नसेल, जसं चिल्ड्रन, तर आधी शेपटी, मग एस. एकाच नर्सचा कोट असेल तरीही आधी शेपटी, मग एस. माझी अख्खी नववी इथेच गडबडते, तेव्हा तू लाजू नकोस.

भाऊजी कामाला लागले हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो रागावतानाही कमी करू नकोस.
तुझा,
बंड्या

दि. २१ ऑगस्ट

चि. बंड्यास,
अ. आ. अरे, घोळ झाला! तू सांगितलंस तसं सगळं भरलं, एकही शेपटी चुकली नाही. गठ्ठा ह्यांच्याकडे दिला आणि मी बाजारात गेले. परत येऊन बघते तर सगळ्या शेपट्या गायब! ह्यांना वाटलं, सुटे धागेच राहिलेत. किती मन लावून कापल्या होत्या म्हणून सांगू! वर म्हणाले, तुझं मशीन फार धागे सोडतं, मी होतो म्हणून निभावलं.

मी कपाळाला हात लावला, पण ह्यांना काही सांगितलं नाही. कपडे परवा द्यायचेत. शेपट्या पुन्हा भरीन रे, त्याचं काही नाही. पण खरं सांगितलं आणि हे हिरमुसून पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले तर? मला भीती वाटते.
तुझी ताई

दि. २४ ऑगस्ट

चि. बंडोपंत मास्तरांस,
अनेक आशीर्वाद. माझा पराक्रम तुमच्या ताईने कळवला असेलच. तिचं उतरलेलं तोंड पाहून मीच खोदून विचारलं. ती रडायला लागली आणि मला असं हसू फुटलं, की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला. कितीतरी महिन्यांनी हसलो बघा.

मग सुई घेऊन बसलो. ती म्हणत होती, मशीनने चटकन होईल. मी हात लावू दिला नाही. मी कापल्या, मीच लावणार. नर्सेसच्या एसनंतर, चिल्ड्रनच्या एसआधी, एकेक शेपटी हाताने घातली. मेट्रनबाईंनी कपडे उलटसुलट करून पाहिले आणि ठेवून घेतले.

काल रात्री तुमच्या ताईकडे दुकानाची किल्ली मागितली. म्हटलं, उद्यापासून मी उघडत जाईन. तिने लगेच काढून दिली. आज सकाळी तिच्या आधी उठलो, मास्तर. बरं वाटलं.

असाच जीव लावत राहा.
तुमचे भाऊजी