ह्यांच्या मापाचं न्हाणीघर

१२ नोव्हेंबर, बुधवार

आधी सगळ्यांच्या तब्येती. ह्यांचं डावं अंग तसंच. काल पायाचा अंगठा हलला म्हणे — नर्सने पाहिला, मी नाही. थोरल्याचं पित्त उसळलंय. सुनेची कंबर बरी. नातीचा खोकला गेला एकदाचा. शिलाई मशीनचा पट्टा सैल झालाय, तोही घरातलाच. माझे गुडघे? ते कुठे जातात! वाजत असतात.

तर ठरलं. दवाखान्यानंतर ह्यांना ठेवलंय त्या केंद्रातली व्यायामवाली बाई सत्तावीस तारखेला घर बघायला येणार. न्हाणीघर ह्यांना झेपेल असं दिसलं तर घरी सोडतील. नाही दिसलं तर थोरल्याच्या शहरात अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे ह्यांच्यासाठी खाट धरून ठेवली आहे. "आई, संस्था चांगली आहे गं." दर वाक्याआड हेच. शिवण चांगली असली की मी तरी कुठे सांगत बसते?

१३ नोव्हेंबर

केंद्रात गेले तेव्हा ह्यांची अंघोळ चालली होती. पडदा पुरता ओढलेला नव्हता. दोघी मुली पुसत होत्या — हसऱ्या, हाताने हलक्या, नाव ठेवायला जागा नाही. पण हे डोळे घट्ट मिटून पडलेले. जन्मभर शाळेत पीटी शिकवली, पोरांना चड्डीवर मैदानात पळवलं, आणि स्वतः बनियनवर कधी दार उघडलं नाही. मी बाहेरच थांबले. आत गेले असते तर मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं.

नंतर त्यांनी एकच शब्द विचारला. "घरी?" तोंड वाकडं झाल्यापासून तेवढाच नीट येतो.

हो म्हटलं. त्यांचा चांगला हात होता माझ्या हातात. हो नाहीतर काय म्हणणार?

१५ नोव्हेंबर, शनिवार

गवंडी आला. काहीही विचारा, "होऊन जाईल." उंबरा काढायचाय. होऊन जाईल. दार रुंद हवं, चाकाची खुर्ची जाईल असं. होऊन जाईल. मी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. मनातल्या मनात.

जुनी फरशी फोडली. त्या सकाळी अंगावरून वारं गेलं तेव्हा हे तिच्यावरच पडले होते. पहिला घण बसला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आता घरभर धूळ. गिऱ्हाइकांचे कपडे चादरीखाली झाकून ठेवलेत. चहात धूळ, अंथरुणात धूळ. शिंक आली की भिंतीचीच येते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात जाऊन आले. काय ते दुकान! नळ असे मांडलेले की सोनाराकडे आल्यासारखं वाटावं. दुकानदाराने आधी काचेचं बेसिन दाखवलं, मग सोनेरी नळ. हा मोठमोठ्या हॉटेलांत असतो म्हणाला. मी म्हटलं, मग त्यांनाच द्या, त्यांचे हात धड आहेत.

डावा हात स्वेटरच्या आत कोंबला आणि उजव्याला त्याच्याकडचा साबण चोळला. मग एकेक नळ फिरवून बघितला. गोल मुठीचे सगळे बाद. लांब दांडीचा एक निघाला, कोपरानेसुद्धा उघडतो. दिसायला दवाखान्यातला. तोच घेतला. हातात धरायचा शॉवर त्याच्या शेजारी बसेल असा. कमोड नेहमीच्यापेक्षा उंच. टाइल निवडताना जमिनीवर ठेवायला लावली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि चप्पल काढून उभी राहिले. जी सुंदर होती ती घसरली. जी नाही घसरली तिचा रंग ओल्या राखेचा. दुकानदार म्हणाला, आजी, घर उदास दिसेल हो. म्हटलं, दिसू दे. घर दिसतं कसं ते बघायला पायावर उभं तर राहता आलं पाहिजे.

आधाराचा दांडा स्टीलचा. त्याला लोंबकळून बघितलं. दुकानदाराने तोंड फिरवलं — हसायला असणार.

१८ नोव्हेंबर

मापं घ्यायला केंद्रात टेप घेऊन गेले. बसल्यावर कोपर किती उंच, उजवा हात पुढे कुठवर पोचतो, उठताना धरायला कुठे जातो. ह्यांना वाटलं शर्ट शिवतेय. मान हलवून नको नको. म्हटलं, न्हाणीघर शिवतेय तुमच्या मापाचं, आता ताठ बसा. बसले. जितकं बसवतं तितके.

घरी येऊन खाकी कागद जोडून जोडून न्हाणीघराएवढा एक कागद केला. झग्याचा नमुना कापावा तसाच. कमोड इथे, अंघोळीची खुर्ची इथे, दांडा आणि नळ इथे, बेसिन समोरच्या भिंतीला. शाळेत मी चौथीपुढे गेले नाही. बेतणं शिकले ते जुने कपडे उसवून उसवून. पण हा कागद बघून गवंडी म्हणाला, मोठमोठ्या इंजिनियरच्या घरीसुद्धा असा कागद मिळत नाही. पायसुद्धा पुसून आला त्यावर उभं राहायला.

२१ नोव्हेंबर

टाइल बसली. राखेच्या रंगाचीच, पण मला आवडायला लागली आहे. आपलं म्हटलं की आवडतंच.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं झालं! दांडा, नळ, कमोड, बेसिन. कागदाबरहुकूम, सूतभर इकडेतिकडे नाही. होऊनजाईलने करून दाखवलं. थोरल्याला फोन केला, म्हटलं ती खाट सोडून दे. तो म्हणाला, सत्तावीस होऊ दे आई.

२४ नोव्हेंबर

काय लिहू.

सकाळी घर निजलेलं — घर म्हणजे मीच — म्हटलं बसून बघू. डावा हात स्वेटरच्या आत. कमोडवर बसले. उठायला उजवा हात पुढे केला. हाताला गार भिंत लागली. दांडा डावीकडे. नळ डावीकडे. शॉवर डावीकडे. सगळं त्यांच्या गेलेल्या अंगाच्या बाजूला. उजवीकडे बेसिन, आणि ते मध्ये आडवं.

चूक माझी. आम्ही शिवणारी माणसं कापडावर खुणा आतल्या बाजूने करतो, बाहेरून खडू दिसू नये म्हणून. कापड सुलटं केलं की डावं ते उजवं होतं, म्हणून खूण करतानाच उलट धरून चालायचं. जन्मभर हात तसाच चालला आहे. कागदावरही तसाच चालला. गवंड्याने कागद अंथरला तो खुणा वर दिसतील असा. दुसरा कसा अंथरणार तो बिचारा?

त्याला बोलावलं. दारातूनच सगळं पाहिलं. मग म्हणाला, खुर्ची उलट्या तोंडाने ठेवली तर? म्हटलं, आणि कमोड? कमोड उलट्या तोंडाचा मिळतो का रे बाबा? मग दोघं हसलो. हसू येतं अशा वेळी, लाज नसल्यासारखं.

उजव्या भिंतीतून आता बेसिनचे पाइप गेलेत. तिथे दांड्याचे खिळे ठोकता येत नाहीत. टाइल फोडायची, पाइप हलवायचे, भिंत भरायची, सुकू द्यायची. सत्तावीसच्या आत? पहिल्यांदाच "होऊन जाईल" म्हणाला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर डावा-उजवा, डावा-उजवा करवत राहिलात आणि तुमच्याच बायकोला डावं-उजवं कळत नाही. अर्ध्या तोंडाने हसले. लाळ गळली, ती पुसली, पुन्हा हसले. तो झटका आल्यापासून पहिल्यांदा. वॉर्डातले सगळे बघायला लागले.

मग तोच शब्द. "घरी?"

म्हटलं, भिंत फोडायची आहे अजून थोडी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

व्यायामवाली आली. उंच, हाडाची मजबूत, बोलायला गोड. टाइलवर पाय घासून बघितला, छान म्हणाली. नळ कोपराने उघडला, छान. दांडा बघितला आणि माझ्याकडे वळली. मीच सगळं सांगितलं — खुणा, कागद, उलट, सुलट. भिंत फोडून घेणार आहे, आठ-पंधरा दिवस द्या.

ती म्हणाली, "तोवर उजवीकडचा दांडा तुम्हीच, आजी. मी आजोबा आहे असं समजा. उठवा मला."

कमोडवर बसली आणि डावं अंग सोडून दिलं, अगदी ह्यांच्यासारखं. तो लोंबता हात मी आधी उचलून तिच्या मांडीवर ठेवला. काखेत हात घातला. उठवायला गेले. उठली नाही. पुन्हा लावला जोर. गुडघे कड्‌ कन वाजले आणि मीच खाली आले. तिने मला धरलं. म्हणजे तिच्या जागी हे असते तर ह्यांनी मला धरायला हवं होतं, आणि ते तर लुळे!

जमिनीवर माझ्याशेजारी बसली ती. दांडा आज उजवीकडे असता तरी हेच करून बघणार होते म्हणाली.

"दांड्यापर्यंत त्यांना कोण नेणार, आजी?"

"मी."

"आत्ता मला नेलं नाही तुम्ही."

म्हटलं, माणूस ठेवीन कामाला. ती म्हणाली, एक पुरत नाही, दोघं लागतात, रात्रीसुद्धा. मी म्हटलं, रात्री मी जागी असते. तिने माझा गुडघा हळूच दाबून बघितला. मी ओरडले नाही. पण तोंड दिसलं असणार.

जाताना म्हणाली, न्हाणीघर मात्र फार मनापासून केलंत. शेजारच्याने मेलेल्या माणसाबद्दल बोलावं, तसं वाटलं.

२८ नोव्हेंबर

थोरल्याचा फोन. व्यायामवालीने त्याला आधीच कळवलं होतं. सोमवारी ह्यांना संस्थेत हलवायचं. तो म्हणाला, महिन्यातून एकदा तुला आणवीन ना भेटायला. एका बिछान्यात जन्म काढला आणि आता महिन्यातून एकदा. भेटायला. पाहुण्यासारखं.

गवंडी घण घेऊन आला होता. फोडू का म्हणाला. थांब म्हटलं. दारातच बसून चहा प्यायला आणि गेला. आत पाऊल टाकलं नाही त्याने. मीही टाकलं नाही. बादली घेऊन मागच्या नळावर अंघोळ करते आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

ह्यांना सांगायला गेले होते. बसल्या बसल्या त्यांची नखं कापली. दाढी केली. केस विंचरले. सांगायचं तेवढं राहून गेलं.

निघाले तेव्हा त्यांनी "घरी?" विचारलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं. मला कळलं, त्यांना कुणीतरी सांगितलंय. डोळे मिटून घेतले त्यांनी. त्या अंघोळीच्या वेळी मिटले होते तसेच.

१ डिसेंबर

नेलं. गाडीत मागे झोपवून. थोरला पुढे बसला. मला म्हणाला, तू नको, प्रवास झेपायचा नाही. मी दारात उभी.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मीच थोरल्याला फोन लावला. म्हटलं, त्या संस्थेत विचार, नवऱ्याच्या खोलीत बायकोला ठेवून घेतात का. तो म्हणाला, "आई, अगं तू धडधाकट आहेस." म्हटलं, मला उचलण्यात नापास केलंय, धुण्यापुसण्यात नाही. उचलायला त्यांची माणसं असू देत. अंग मी धुवीन. पडदा लावून. "आणि घर?" म्हणाला. ते तू बघ म्हटलं, विक, भाड्याने दे, न्हाणीघर दाखव लोकांना. पण संस्थेतल्यांचं काय ते लवकर कळव. उद्यापर्यंत कळव, बाळा. मी मशीन बांधून ठेवलंय.