मळ्यातले ससे

ती. आई, केरू पाया पडतो.

मागच्या फोनला फटाक्यासारखा आवाज ऐकून तू घाबरलीस. सोमनाथ सुट्टीवर गावी येतोय, म्हणून त्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

काळजीचं काही नाही. इथे अजमानला मालकाच्या पोरांनी पाळलेले ससे सुटले आणि मळाभर झाले. बकऱ्यांच्या शेडखाली बिळं करून त्यांनी पाया पोकळ केला, ठिबकच्या नळ्याही कुरतडल्या. मालक शुक्रवारी येतो आणि छोट्या गोळीच्या बंदुकीने एकेक टिपतो. गोळी करंगळीच्या नखाएवढीच असते.

बंदुकीला मी हात लावत नाही. मी शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून पत्रा बडवतो, म्हणजे ससे पुढच्या बाजूला पळतात. मालक ‘यल्ला केरू’ म्हणाला की बडवायचं, ‘खलास’ म्हणाला की बाहेर यायचं. काम हलकं आहे.

तुझा गुडघा कसा आहे? काळी शेळी व्याली का?

ह्या शुक्रवारी एक गोळी चुकून टाकीला लागली. भोक मीच बुजवलं. माझ्या छातीएवढ्या उंचीवर होतं, त्यामुळे शिडी लागली नाही.

तुझा,
केरू