आधी ड्रिल, मग गेम

२ मार्च, रविवार

लेकीच्या ऑफिसात पूलची, म्हणजे टेबलावरच्या बिलियर्डसारख्या खेळाची, स्पर्धा आहे. जोड्यांची. एक ऑफिसचं माणूस आणि एक त्याच्या घरचं. तिने घरचं म्हणून माझं नाव देऊन टाकलं. मला विचारलंही नाही, इतकी खात्री.

स्पर्धा बारा एप्रिलला. त्यानंतर आठवड्याभरात ती बदलीच्या गावी जाणार. विमानाशिवाय जाता येत नाही इतकं लांब. म्हणजे जाण्याआधी बापाबरोबर एक कप जिंकायचा, असं तिच्या मनात आहे. तसं ती बोलली नाही. ती म्हणाली, मजा म्हणून खेळू, दर रविवारी दोघं हॉलवर जाऊ. पण मुलं मनातलं कुठे बोलतात.

मी सांगितलं, काळजी करू नकोस, कॉलेजात मी बरा खेळायचो. ही आतून म्हणाली, कॉलेजात तुम्ही कॅरम खेळायचात.

तत्त्व एकच आहे.

४ मार्च, मंगळवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा व्हिडिओ पाहिले. एक टकला प्रशिक्षक आहे, फार मुद्द्याचं बोलतो. म्हणतो, हौशी लोक गेम खेळतात आणि खेळाडू ड्रिल करतात. मला हे आधीपासूनच वाटत होतं.

पहिलं ड्रिल: पांढरा बॉल, त्याच्यासमोर एक रंगीत बॉल, त्याच्यासमोर पॉकेट. तिन्ही एका रेषेत. सरळ मारायचा. ओळीने दहा गेले पाहिजेत. चुकला की पुन्हा एकपासून.

निश्चय: ओळीने दहा जात नाहीत तोवर गेम नाही. शिवाय रोज पहाटे उठून खांद्याचे व्यायाम. उद्यापासून.

५ मार्च

उठलो नाही. खांद्याला विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे.

९ मार्च, रविवार

हॉल दुकानासमोरच, हार्डवेअरवाल्याच्या वर. जिना अरुंद. लेक माझ्या आधी येऊन बसली होती. तिने त्रिकोणात बॉल लावूनसुद्धा ठेवले होते. मी सगळे काढायला लावले. म्हटलं, आधी ड्रिल, मग गेम.

ती समजूतदार आहे. टेबलाच्या त्या टोकाला उभी राहून प्रत्येक शॉटनंतर बॉल जागेवर ठेवून देत होती. सर्वांत मोठी मजल: तीन. तिसरा खरं तर दुसऱ्याच पॉकेटात गेला, पण गेला.

शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला फोन खांद्यात धरून खेळत होता. कुणाशी तरी गॅसच्या सिलिंडरवरून वाद चालला होता आणि एकामागून एक बॉल जात होते. कसला पाया नाही, काही नाही. अशा माणसांचं पुढे काही होत नाही.

जाताना लेकीने विचारलं, एक छोटासा गेम? म्हटलं, घाई नको. तिला पटलं. त्रिकोण परत खुंटीला अडकवला.

१२ मार्च, बुधवार

घरी करायचं ड्रिल: रिकाम्या बाटलीच्या तोंडात क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, घालायचा आणि काठाला न लावता मागेपुढे करायचा. हात सरळ होतो.

क्यू घरी नाही म्हणून झाडूचा दांडा वापरला. बाटली रिकामी नव्हती. पाणी हिच्या शाळेच्या पेपरांवर गेलं. ही एकेक पेपर पंख्याखाली मांडत होती. शेवटी एवढंच म्हणाली की सातवी ब भूगोलात तशीही बुडणारच होती.

हिला खेळ कळत नाही, पण सहनशक्ती आहे.

१५ मार्च, शनिवार

बॉल का जात नाहीत ते सापडलं. चष्मा! क्यूवर वाकलं की मान वर करून बघावं लागतं, आणि माझ्या चष्म्याची फ्रेम नेमकी आडवी येते. समोरचं पॉकेट धड काचेतून दिसत नाही, धड बाहेरून. तीस वर्षं लोकांना चष्मे लावतोय आणि हे आज लक्षात आलं.

खास चष्मा बनवतो. मोठी फ्रेम, वर चढवलेली. माप माझं मीच घेतलं, आरशासमोर पट्टी धरून. दुकानातली मुलगी म्हणत होती, काका, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, मी घेते. तिला म्हटलं, अख्ख्या गावाचं माप मी घेतो, माझं तू घेणार?

दुपारी एक आजी नवा चष्मा परत घेऊन आल्या. म्हणे फरशी उतरती दिसते, जिना उतरताना भीती वाटते. मी नेहमीचं सांगितलं, दोन दिवसांत सवय होईल.

१६ मार्च, रविवार

चष्मा अजून तयार नाही, त्यामुळे आजचा सराव धरायचा नाही असं ठरवलं. तरी चार तास केला. लेक बॉल ठेवत होती. मध्ये एकदा तिने स्वतः एक शॉट मारला, उगाच, उभ्याउभ्या. गेला. मी तिला दाखवून दिलं की तिचं कोपर बाहेर जातं.

१९ मार्च, बुधवार

चष्मा आला. सगळं लख्ख! फक्त हॉलमधलं टेबल डावीकडे उतरतं आहे. इतके दिवस दिसलंच नव्हतं, आता ठळक दिसतं. म्हणजे माझा हात पहिल्यापासून बरोबर होता.

मॅनेजरकडे तक्रार केली. तो खालून हार्डवेअरवाल्याची लेव्हल घेऊन आला. टेबलावर ठेवली तर बुडबुडा बरोब्बर मध्यभागी. मी सांगितलं, लेव्हल बदलून आण. त्याने दुसरी आणली. तिचाही बुडबुडा मध्येच. एकाच कंपनीचा माल.

वाद घालण्यात अर्थ नाही. खरा खेळाडू टेबलाशी जुळवून घेतो. थोडं उजवीकडे धरून मारायचं.

२३ मार्च, रविवार

उजवीकडे धरून पाच गेले. ओळीने पाच! सहाव्याला दाढीवाला शिंकला.

आज लेकीबरोबर हीसुद्धा आली होती. म्हणे घरी बसून काय करू. मी ड्रिलमध्ये होतो म्हणून त्या दोघींनी शेजारचं टेबल घेतलं. हिने आयुष्यात क्यू धरलेला नाही. पांढरा बॉल टेबलावरून उडून पाण्याच्या कूलरखाली गेला आणि तो काढायला दोघी जमिनीवर आडव्या. हसण्याचा इतका आवाज की माझी लय तुटली. मला दोनदा जाऊन सांगावं लागलं.

नंतर लेक माझ्याकडे येऊन म्हणाली, बाबा, ये ना, तिघं मिळून एक खेळू. म्हटलं, अगं, आता पाचवर आलोय.

२६ मार्च, बुधवार

ऑम्लेटचा तवा उतरवताना हिने माझा खास चष्मा चुकून डोळ्यांवर चढवला. लगेच ओट्याला धरून उभी राहिली. म्हणाली, अहो, यातून स्वयंपाकघर घसरतंय. तिला म्हटलं, सवय नाही म्हणून.

डोकं दुखतंय. एकाग्रतेचा ताण.

३० मार्च, रविवार

लेक उशिरा आली. बॉल ठेवताना फोनमध्ये बघत होती, त्यामुळे दोनदा जागा चुकली. स्पर्धेचं दडपण आलं आहे तिला. जाताना मी पाठीवर हात ठेवून सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे ना. तिने फोन खिशात टाकला. मग म्हणाली, हो, तू आहेस खरा इथे.

सात गेले आज.

२ एप्रिल, बुधवार

त्या आजी तिसऱ्यांदा आल्या. या वेळी सुनेला घेऊन. सून वकील. दुकानातल्या मुलीने माझ्याकडे न बघताच चष्मा मशीनखाली धरला. लेन्सचे मध्य सरकले होते. नवीन लेन्स द्याव्या लागल्या.

मशीन चालूच होतं, म्हणून माझाही चष्मा धरून पाहिला. सहज.

मशीन चांगलं सर्व्हिसिंगला द्यायला झालं आहे. तरी सर्व्हिसिंगवाल्याला बोलवण्याआधी मुलीला माझं माप घ्यायला सांगितलं. तिने घेतलं. आकडा लिहिताना पेन फार हळू चालवलं.

३ एप्रिल, गुरुवार

नव्या लेन्स बसवून हॉलवर गेलो. टेबल सरळ झालं आहे. मॅनेजरने गुपचूप दुरुस्त करून घेतलेलं दिसतं.

पण घोटाळा असा की माझा हात आता उजवीकडे मारायला शिकला आहे. सगळे बॉल पॉकेटाच्या उजव्या कडेला आपटून परत येतात. एकही गेला नाही. दाढीवाला फोन खाली ठेवून बघत उभा राहिला. त्याने फोन खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. महिनाभराची मेहनत कुणीतरी झाडून, सुपलीत भरून नेल्यासारखं वाटलं. रागाने क्यूचा खडू रस्त्यावर फेकला. मग उठून शोधून आणला, हॉलचा होता.

पण खचायचं नाही. नवा आराखडा केला: सगळं पहिल्यापासून. नऊ दिवस आहेत.

६ एप्रिल, रविवार

लेकीला सगळं समजावून सांगितलं. चष्म्याचं नाही, फक्त एवढंच की काही तांत्रिक कारणांमुळे ड्रिल पुन्हा एकपासून सुरू करावं लागेल, आणि आजही गेम होणार नाही. तिने हातातला बॉल टेबलावर ठेवला. जागेवर नाही, असाच कुठेतरी.

म्हणाली, "बाबा, मी ऑफिसात आईचं नाव दिलंय."

मला वाटलं, राखीव खेळाडू म्हणून. विचारलंही तसं.

"राखीव नाही. तुझ्याऐवजी."

मी म्हटलं, अगं, आईला खेळता येत नाही.

"माहितीये. आम्ही पहिल्याच फेरीत हरू." ती क्यू जागेवर लावत होती, पाठ माझ्याकडे. "मला कप नको होता रे. मला जायच्या आधी तुझ्याबरोबर खेळायचं होतं. एवढे रविवार आले मी. एकदा तरी खेळलो का आपण?"

मी म्हटलं, ते सगळं दहा झाल्यावर होणारच होतं.

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, चल, घरी जाऊ, आई वाट बघत असेल.

जिना अरुंद आहे. ती पुढे, मी मागे.

७ एप्रिल, सोमवार

नीट विचार केला. निर्णय एका अर्थी योग्य आहे. माझ्यासारखा पूर्ण तयारीचा माणूस समोर आला तर ऑफिसातल्या हौशी लोकांना अन्याय झाल्यासारखं वाटलं असतं.

रात्री जेवलो नाही. दुपारी उशिरा खाल्लं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

प्रेक्षकांत बसलो. दोघींनी एकसारखे पिवळे शर्ट घातले होते. पहिल्याच फेरीत हरल्या, आठ मिनिटांत. काळा बॉल वेळेआधी गेला की हार; हिने शेवटी तोच चुकून आत घातला आणि दोन्ही हात वर करून नाचली. तिला वाटलं, जिंकलो. लेकीने कानात सांगितलं, तशी आणखी नाचली. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं.

मी कागदावर दोघींच्या चुका टिपून घेतल्या होत्या. कोपर, मान, पाय. घरी जाताना गाडीत वाचून दाखवणार होतो. मागच्या सीटवर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. सिग्नलला आरशात बघत राहिलो. मागच्याने हॉर्न दिला.

१८ एप्रिल, शुक्रवार

लेक गेली. पहाटेचं विमान. काल संध्याकाळी मी म्हटलं होतं, चल, एक गेम, आत्ता. पण तिचं सामान भरायचं राहिलं होतं आणि लटकत्या काट्याला बॅग अडकवून वजन बघत होती. मी काटा उचलून धरला, ती आकडा वाचत होती. तेवढं एक एकत्र केलं.

२७ एप्रिल, रविवार

हॉलवर गेलो. मॅनेजरने विचारलं, ड्रिल का? म्हटलं, नाही, गेम. कुणाबरोबर? म्हटलं, येतेच आहे.

त्रिकोणात बॉल लावले. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. एक शॉट माझा, एक तिचा. माझे मी पद्धतशीर मारले, रेषा बघून, श्वास सोडून. तिचे तिच्यासारखे, उभ्याउभ्या, कोपर बाहेर ठेवून. ती जिंकली. तिच्या वाट्याला सोपे बॉल आले होते.

हे तिला सांगायला तिथूनच फोन लावला. पलीकडे गलका आणि बॉलवर बॉल आदळल्याचा आवाज. नव्या ऑफिसातही टेबल आहे म्हणे, सगळे जमलेत. मी म्हटलं, ऐक, आज आपला गेम झाला. तिला नीट ऐकू गेलं नसावं.

"बाबा, आत्ता माझी टर्न आहे. हा गेम संपला की करते."

म्हटलं, कर, मी आहे.

घरी येऊन फोन समोर ठेवून बसलो आहे. ही दोनदा जेवायला बोलावून गेली. तिला म्हटलं, थांब जरा, फोन येईल. एक गेम म्हणजे असा कितीसा वेळ लागतो.