आधी पुसलं, मग थांबवलं

सोमवार, ३ मार्च

शेवटी ते लोढणं माझ्याच गळ्यात! सकाळी टीमलीडबाईंनी बोलावलं, दार लावून घेतलं. "रीसेटचं काम तू घे. दुसऱ्या कुणाला जमणार?" म्हणजे माझ्या नवऱ्याने घातलेला घोळ मीच निस्तरायचा. त्याला कामावरून काढून सहा आठवडे झाले, तो घर सोडून आईकडे गेल्याला पाच. हो म्हणाले.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर त्याचा कोड वाचला. आमचं सॉफ्टवेअर म्हणजे खऱ्या कंप्युटरच्या पोटात चालणारे खोटे कंप्युटर. खोट्याला रीसेट केलं की त्याची डिस्क, नेटवर्क, टायमर – सगळ्यांनी कोरं व्हायचं. पण आधी हातातली कामं थांबवायची, मग पुसायचं. इथे उलटं! आधी पुसलंय, मग थांबवलंय. मधल्या फटीत डिस्कचं जुनं अर्धवट काम येतं आणि नव्या मेमरीत खुशाल घुसतं. त्यातूनच आमच्या एका ग्राहक दवाखान्याच्या तीन महिन्यांच्या नोंदी खराब झाल्या.

असली चूक नवशिक्यानेही करू नये. कामावरून काढलं त्या दिवशी हेच सुनावलं होतं त्याला. "तुझ्या बेफिकिरीपायी माझीही मान खाली गेली!" तो भाजी चिरत होता. सुरी ठेवली, हात धुतले. मला वाटलं, बोलायला तोंड कुठे आहे!

बुधवार, ५ मार्च

सासूबाईंचा फोन. "जेवलीस का गं?" हो म्हटलं. तो कसा आहे, विचारायचं होतं. नाही विचारलं. ताठा माझा!

गुरुवार, ६ मार्च

आज पुन्हा तोच कोड उघडला.

कोडमध्ये उपकरणांची यादी शेवटून मोजलीय. शेवटून मी मोजते! तो कधीच नाही. उलट मलाच चिडवायचा, "उलट्या डोक्याची बाई." नाव त्याचं, पण लिहिणं माझं.

जुने मेल उपसले. मागच्या वर्षीचे, आई दवाखान्यात होती तेव्हाचे. तिच्या खाटेशेजारी बसून खरडलेला अर्धवट कोड मीच त्याला पाठवलाय. "बघशील का रे? माझं डोकं चालत नाहीये." खाली त्याचं उत्तर – "माझ्या नावाने टाकतो. नाहीतर शंका विचारायला सगळे तुलाच फोन करत बसतील. तू आईंजवळ बस."

चौथ्या दिवशी आई गेली. मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. त्याला आठवत असणार. ऑफिसच्या चौकशीत हाच कोड त्याच्यासमोर ठेवला होता, आणि तो मुकाट "हो, माझाच" म्हणाला. नंतर घरी येऊन माझं बोलणं खाल्लं. देवा, काय काय बोलले मी त्याला!

शुक्रवार, ७ मार्च

बाईंना मेल दाखवला. त्या चष्मा काढून पुसत बसल्या. "झालं ते झालं गं. कशाला उकरतेस?" नाही म्हटलं. चूक माझी, असं लिहून सही करून दिलं. आता माझं काय करायचं ते करोत.

दुरुस्तीही झाली. उणीपुरी अकरा ओळींची! हजारदा रीसेट करून पाहिलं, एकदाही बिघडलं नाही. जागेवरच रडू फुटलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "अहो, चाललं ना? मग रडताय काय?"

त्याला सांगेन – चूक माझी होती, घरी ये. येईल तो. माझ्यासाठी एवढं सोसलं, मग येणार नाही का?

शनिवार, ८ मार्च

कपाटातली त्याची बाजू पुन्हा रिकामी केली – माझे कपडे पसरले होते तिथे. चादरी बदलल्या. दोन उशा. वेडी कुठली! अजून फोनही केला नाही. चारदा हातात घेतला, चारदा ठेवला. उद्या सकाळी नक्की.

रविवार, ९ मार्च

केला फोन. रडत रडत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "चूक तुझी होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. त्यासाठी नाही गेलो मी." मग थांबून म्हणाला, "मला एक सांग. तो मेल सापडला नसता, तर केला असतास का आज फोन?"

हो म्हणायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, आणि फोन ठेवला.