प्रेमवीराचा संयम सुटला

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर आई शेजारी बसून कान टवकारते, आणि मला तिचीच चहाडी करायची आहे.

आमच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुरवणारा एक माणूस येतो. त्याने मला लग्नाचं विचारलं, मी सरळ नाही म्हटलं. तेव्हापासून दुकान बंद व्हायच्या वेळी तो रोज समोरच्या फुटपाथवर उभा असतो. मी वाट बदलली, तर तिथेही हजर. मध्यंतरी घरी येऊन आईला वाचायचा चष्मा भेट देऊन गेला आणि आई पाघळली! तिच्या मालिकेतला नायकही म्हणे नायिकेच्या दारात असाच ठाण मांडून बसतो आणि शेवटी ती विरघळते. शिवाय बाबांनी आईच्या टायपिंगच्या क्लासबाहेर चपला झिजवल्या, ती गोष्ट आहेच. आपल्या दोघांना ती तोंडपाठ आहे.

दादा, मला भीती वाटते. दुकान बंद करायची वेळ झाली की मी आधी काचेतून समोरचा फुटपाथ बघते. तू आईला दोन शब्द सांग. तू पेपरात आहेस, त्यामुळे तू बोललास की तिला ते छापून आल्यासारखं वाटतं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी


ता. ९ मार्च

चि. चष्मेवाल्या बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हसू आवरेना. अखेर आमच्या बाईसाहेबांच्या नाकावरच्या रागालाही एक प्रेमवीर भेटला म्हणायचा! बिचारा उन्हातान्हात तिष्ठत उभा राहतो आणि तू वाटा बदलतेस. अगं, उभाच राहतो ना? खातो थोडाच? चार दिवस लक्ष देऊ नकोस, कंटाळून जाईल. आणि आईला काय सांगू? या वयात तिला तेवढी करमणूक असू दे की.

इकडे मला मान वर करायला फुरसत नाही. एक सहकारी रजेवर गेलाय, त्यामुळे आपल्या गावच्या पानाचे मथळेही माझ्याच गळ्यात पडलेत. रोज त्याच मारामाऱ्या, तीच प्रेमप्रकरणं. मथळे आता डोळे मिटून देतो.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र मात्र टाक.
दादा


ता. २३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवाच्या तुमच्या पेपरात, आपल्या गावच्या पानावर तळाशी एक बातमी आहे: ‘प्रेमवीराचा संयम सुटला’. खाली लिहिलंय, एकतर्फी प्रेमातून निराश झालेल्या तरुणाने दुकानातल्या तरुणीशी झटापट केली.

ती तरुणी मी आहे. आईने तुला कळवू नको म्हटलं, म्हणून मी गप्प राहिले. पोलिसांनी नाव दिलं नव्हतं, दुकान कसलं तेही नाही, तेव्हा तुला कळायचं कारण नव्हतं. मी मात्र तुझा शब्द लगेच ओळखला. पंधरवड्यापूर्वी तो माझ्याच पत्त्यावर आला होता.

झालं ते असं. मालक लवकर निघून गेले होते. मी दिवे मालवत होते. तो आत शिरला आणि त्याने आतून शटर खाली ओढलं. माझा हात पिरगळून मला काउंटरवर दाबलं आणि विचारलं, की अजून किती परीक्षा घेणार. दादा, हे वाक्य आईच्या मालिकेतलं आहे. त्याचे हात कुठे कुठे गेले ते पोलिसांना सांगितलंय, तुला लिहिणार नाही. मी कोपराने काउंटरवरचा आरसा खाली पाडला. तो फुटल्याचा आवाज ऐकून शेजारचा घड्याळवाला शटरवर धडका मारू लागला, म्हणून वाचले.

आता त्या माणसाचा भाऊ तुमच्या पेपराचं कात्रण घेऊन घरी येतो. पेपरवालेसुद्धा याला प्रेमच म्हणतात, तुम्ही गुन्हा कशाला म्हणता, असं त्याचं म्हणणं. आईलाही ते पटायला लागलंय. तक्रार मागे घे म्हणून ती माझ्या मागे लागली आहे. मंगळवारी कोर्टात माझा जबाब आहे. मी मागे घेणार नाही. पण एकटीने जायला पाय उचलत नाही रे.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.
तुझी बहीण


ता. ३१ मार्च

चि. थोरल्यास,
आशीर्वादाचं शेवटी बोलू.

तुझं पत्र आलं. तिने ते फोडलं नाही, मीच वाचलं. तुला किती वाईट वाटतंय ते चार पानं भरून लिहिलंस. तिचा हात कसा आहे, हे एका ओळीनेही विचारलं नाहीस. सूज उतरली आहे.

सोमवारी मी तिची समजूत घालायला दुकानात गेले होते. म्हटलं, एवढं आभाळ कोसळण्यासारखं काय झालं ते मला दाखव तरी. तिने आतून शटर खाली ओढलं, दिवा मालवला आणि माझ्या वाटेत उभी राहिली. पोटची पोर समोर होती, तरी मी मागे सरत काउंटरला जाऊन टेकले. मी ‘उघड’ म्हटलं. तिने लगेच उघडलं.

मंगळवारी मी तिच्याबरोबर गेले. जबाब संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून होते. त्याचा भाऊ तुझं कात्रण घेऊन तिथेही आला होता. मी त्याच्या हातावर तो भेटीचा चष्मा ठेवला. आता कागद हातभर लांब धरून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

आणि बाबांची ती गोष्ट. ते क्लासबाहेर उभे राहायचे, हे खरं. पण एक दिवस मी त्यांना नको म्हटलं आणि त्यानंतर महिनाभर ते त्या रस्त्याला फिरकले नाहीत. शेवटी मीच निरोप धाडला. एवढं मी सांगताना नेहमी गाळत आले, कारण त्याने गोष्टीची गंमत जाते. तुम्ही दोघं अर्धीच गोष्ट ऐकून मोठे झालात.

त्या शटरच्या आत मी उभी राहून आले. तिथे प्रेम कुठेच नव्हतं. ते तुझ्या मथळ्यात आहे, तिथून काढ, आणि काढलंस हे छापून सांग. मग घरी ये. तोवर तुझे आशीर्वाद माझ्याकडे जपून ठेवते.
आई