ओंजळ भरल्यावर

आई, तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली. हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. १९९९ च्या मे महिन्यातली एक सकाळ. मी पुण्याहून सुट्टीला रत्नागिरीला घरी आले होते. पुरातत्त्वाचं पहिलं वर्ष, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. तू परसातून आलीस ती साडीच्या ओच्यात कोकमाचे रातांबे घेऊन. ओचा जमिनीवर मोकळा केलास आणि फोडायला बसलीस. मी शेजारी बसून ऐकवत होते, की माणसानं घडवलेली पहिली वस्तू म्हणजे दगडाचं हत्यार.

"आणि वेचलेलं ठेवायची कशात, ती तुझी माणसं?"

"तसं काही सापडलेलं नाही."

"सापडेल कसं? पानं, साल, कातडं, कुजणार नाही? ओंजळ भरली की पुढचं फळ घ्यायचं कशात गो? तिथेच सुचलं असणार कुठल्यातरी बाईला. पोर कडेवर असेल तर आणखीच लवकर."

"पुरावा लागतो, आई. सातवी पास बाईनं उठून पुरातत्त्व शिकवायचं नसतं."

तू हसतेस. "बरं, पंडितबाई. पुरावा मिळेस्तोवर रातांबे फोडा." आणि लाल झालेल्या बोटानं माझ्या नाकाच्या शेंड्याला ठिपका लावतेस. मला वाटलं, विषय संपला. संपलाच. त्याआधीच्या दिवाळीत 'काय शिकवलं गो?' म्हणून दिवसभर मागे लागली होतीस. पुढे कधी विचारलं नाहीस. जेवलीस का, झोप होते का, एवढंच.

पुढच्या वर्षी सरांनी वर्गात सांगितलं, की पिशव्या-टोपल्या दगडी हत्यारांइतक्या जुन्याही असतील. टिकल्या नाहीत म्हणून नव्हत्याच, असं म्हणता येत नाही. मी मान खाली घालून लिहून घेतलं. त्या दिवाळीला चार दिवस घरी होते. तू करंज्या तळत होतीस, मी समोर बसले होते, तरी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला तू इस्पितळात होतीस. तिथे हे काय बोलायचं.

आता मी रत्नागिरीतच कॉलेजात शिकवते. ओंजळीचं ते वाक्य दरवर्षी तुझ्याच शब्दांत सांगते, फक्त 'गो' गाळते. पेंगणारी मुलंही मान वर करतात. काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे मत कोणाचं?"

मी म्हटलं, "माझं."

तिनं वाक्य वहीत उतरवलं आणि खाली माझं नाव लिहिलं. ती लिहीत होती तोवर मी तिथेच उभी होते.